रजेवर आहे, पाण्यात आहे

माझ्या चुलत बहिणीचं लग्न लागलं तेव्हा मी मंडपाच्या मागे, जनरेटरच्या शेजारी उभी होते. एका कानात बोट आणि दुसऱ्या कानाला फोन. मलकापूरकडच्या एका दवाखान्यातले कारकून पलीकडून विचारत होते की केसपेपर छापले का जात नाहीत, आणि मी त्यांना प्रिंटर बंद करून परत चालू करायला सांगत होते. मुठीत धरलेल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या होत्या.

"मॅडम, तुमच्याइकडे लग्न हाये काय?" त्यांनी मधेच विचारलं. मंगलाष्टकं त्यांनाही ऐकू येत असणार.

"हो, बहिणीचं. मी रजेवर आहे. मेलचं उत्तर आलं असेल ना तुम्हाला?"

"आलं ना. पण ते इंग्रजीत होतं, समजलं नाही. खाली तुमचा नंबर दिसला, म्हणून लावला."

तेवढ्यात बँड वाजला. संग्रामपूरच्या त्या मंडपात सगळे एकमेकांकडे बघून हसत होते, बहिणीच्या डोक्यावर तांदूळ पडत होते, आणि मी मुठीतल्या अक्षता कुठे टाकाव्यात ते न कळून पर्समध्ये टाकल्या.

मी बुलढाण्यात राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. ही कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी संगणकाची प्रणाली बनवते. रुग्णाची नोंद, नंबर लावणं, केसपेपर छापणं, असली कामं त्यावर होतात. ती अडली की दवाखान्यातले लोक आम्हाला मेल करतात आणि आम्ही सोडवून देतो. पूर्वी मी पुण्यातच होते. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखी घरी आले, आणि काम घरून होतंय म्हटल्यावर परत गेले नाही. नवरा इथल्या कोर्टात नोकरीला आहे. घर त्याचं, हवा आमच्या घाटावरची, पगार पुण्याचा. लोक म्हणायचे, तुझं बरं आहे. बरंच होतं. पण ऑफिस घरात आल्यापासून ते घरातून कधी बाहेर गेलंच नव्हतं.

रजेवर जाताना मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवायचं, ही आमच्याकडची पद्धत. मी ते इंटरनेटवरून उचललेलं होतं. अगदी अदबीचं इंग्रजी. त्याचा अर्थ असा, की मी सध्या कार्यालयाबाहेर आहे, मेल पाहणं मर्यादित प्रमाणातच शक्य होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व, तातडीचं काम असल्यास या क्रमांकावर संपर्क करावा. आणि खाली माझाच नंबर. रजा म्हणजे मेलऐवजी फोनवर काम, एवढाच फरक व्हायचा. तातडीचं नसलेलं काम कुणाकडेच नसतं. ज्याचं अडलंय त्याला ते तातडीचंच वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

लग्नाहून परतताना बसमध्ये मी गप्प होते. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"मी दिवाळीनंतर आठवडाभर रजा घेणार आहे. उंद्रीला जाईन."

"जा की."

"आणि पोहायला शिकणार आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आठवडाभर तुझा फोन बंद राहील? पोहणं जमेल एखाद्या वेळेस, हे जमायचं नाही."

त्याला चिडवायचं नव्हतं. तो खरं तेच बोलत होता.

उंद्री माझं माहेर. चिखली तालुक्यातलं मोठं गाव. आमच्या मळ्यात दगडानं बांधलेली विहीर आहे. आत उतरायला पायऱ्या आहेत, आणि पाऊस बरा झाला तर दिवाळीत पाणी वरून सहाव्या-सातव्या पायरीला लागलेलं असतं. लहानपणी भाऊ, चुलत भाऊ, गल्लीतली सगळी पोरं पाठीला तेलाचं रिकामं डबडं बांधून तिथे पोहायला शिकली. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. कुणी आम्हाला नको म्हटल्याचंही आठवत नाही. विचारलंच नव्हतं कुणी. पोहणं हे पोरांचं आणि कपडे सांभाळणं हे आमचं, हे हवेतच होतं.

पण माझी मावशी पोहायची. ती आईची धाकटी बहीण. दोघी बहिणी उंद्रीतच दिलेल्या, दोन घरं सोडून. मावशीचं माहेर नदीकाठचं. आई नदीला घाबरायची आणि मावशी नदीतून निघायची नाही, असं आजी सांगायची. लग्नानंतर मावशीनं विहिरीत पाय घातला तो एकदाच, विहिरीत पडलेली शेळी काढायला. अंगावरच्या लुगड्याचा काष्टा घट्ट करून तिनं उडी मारली आणि शेळीला काखेत धरून पायरीला आणली. गावानं ती गोष्ट खूप वर्षं सांगितली. तिला कुणी परत पोह मात्र म्हटलं नाही.

मी तिला फोन करून विचारलं, "मावशी, मला पोहायला शिकवशील का?"

"मले आता सत्तरी आली वं," ती म्हणाली.

"मग नको का?"

"नको कुठी म्हटलं? ये. दिवाळी झाल्यावर ये. पाणी चांगलं राह्यते तवा."

आता प्रश्न ऑफिसचा होता. मी ठरवलं, की या वेळी उत्तर स्वतः लिहायचं, आणि मराठीत लिहायचं. आमच्याकडे मेल करणारे बहुतेक सगळे दवाखान्याच्या टेबलावर बसणारे लोक. समोर रांग असते, लेकरं रडत असतात, डॉक्टर आतून हाका मारत असतात. त्यांना क्षमस्व नको असतं. मी कधी येणार आणि तोवर त्यांनी कुणाला धरायचं, एवढंच त्यांना हवं असतं.

कुणाला धरायचं, हे आधी तयार करावं लागलं. आमच्या गटात सोलापूरहून काम करणारे एक सहकारी आहेत. माझ्याच वयाचे. काम उत्तम, पण डॉक्टरशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांचा आवाज जातो. त्यामुळे बोलायची सगळी कामं माझ्याकडे यायची आणि त्यांना ते सोयीचं होतं. खरं म्हणजे मलाही. आपल्यावाचून अडतं, याचं सुख काही कमी नसतं. मी त्यांना म्हटलं, "माझ्या रजेत तुमचं नाव देते आहे."

"मॅडम, नको. कोणी ओरडलं तर?"

"ओरडू द्या. आधी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. मग विचारायचं, समोर पडद्यावर काय दिसतंय. बस."

दिवाळीच्या आधी रोज थोडा वेळ आम्ही दोघं तेच करत बसलो. मी चिडलेला डॉक्टर व्हायचे आणि ते मला विचारायचे, समोर काय दिसतंय. सुरुवातीला ते मलाच घाबरायचे. नंतर एकदा मी फारच आरडाओरडा केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं झालं का?" त्या दिवशी मी माझी रजा टाकली.

उत्तराचा पहिला मसुदा नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा लावून, कोर्टातला कागद वाचावा तसा वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'शक्यतो' काढ."

"का? नम्र वाटतं ते."

"'शक्यतो मेल पाहणार नाही' म्हणजे पाहशील. 'सहसा फोन बंद राहील' म्हणजे चालू राहील. समोरच्याला तेवढीच फट पुरते. आमच्याकडे अशा एका शब्दावर तारखा पडतात."

मी 'शक्यतो' काढला. 'सहसा' काढला. 'प्रयत्न करीन' काढलं. काढताना दरवेळी वाटायचं, आता हे उद्धट दिसेल. पण काढून झाल्यावर जे उरलं ते वाचून मला माझाच आवाज ऐकू आला. ते असं होतं:

"नमस्कार. मी सोमवार ते शनिवार रजेवर आहे. पुढच्या सोमवारी सकाळी कामावर येईन. रजेत मी मेल पाहणार नाही आणि माझा फोन बंद राहील.

केसपेपर छापले जात नसतील किंवा एकाच रुग्णाची नोंद दोनदा झाली असेल, तर माझ्या सहकाऱ्यांना मेल करा. पत्ता खाली आहे. हे काम त्यांना माझ्याइतकंच येतं.

प्रणाली सुरूच होत नसेल, तर मेलची वाट पाहू नका. कार्यालयाला फोन करा. नंबर खाली आहे.

बाकीचं काम सोमवारपर्यंत थांबेल. तुमचा मेल हरवणार नाही. आल्यावर मी प्रत्येकाला उत्तर देईन.

मी पोहायला शिकायला चालले आहे."

आमच्या गटाची प्रमुख पुण्यात असते. माझ्यापेक्षा वयानं लहान, हुशार, दिवसरात्र कामात. मला ताई म्हणते. तिनं मसुदा वाचला आणि लगेच व्हिडिओवर आली.

"ताई, मराठीत ठीक आहे, चांगलं आहे उलट. पण 'पाहणार नाही' असं सरळ? मर्यादित प्रमाणात पाहीन, असं लिहू या ना."

"मर्यादित नाही पाहणार. अजिबातच नाही पाहणार."

"'बाकीचं काम सोमवारपर्यंत थांबेल' वाचून एखाद्याला राग येईल."

"थांबणारच आहे ते. न सांगता थांबलं तर जास्त राग येईल."

ती हसली, पण अर्धवट. "बरं. पण शेवटची ओळ तरी काढा. पोहायला वगैरे. वरिष्ठांनी पाहिलं तर मला विचारतील."

ती ओळ काढायला मी तयार झाले होते. हात त्या ओळीवर गेलाही होता. पण मला तो जनरेटर आठवला, आणि कारकुनांनी आपणहून विचारलेला प्रश्न, तुमच्याइकडे लग्न हाये काय. कारण कळल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला होता. मी म्हटलं, "लोकांना कारण सांगितलं की ते थांबतात. ती ओळ राहू दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

"पोहायला खरंच चाललाय?" तिनं विचारलं.

"हो."

"कुठे?"

"विहिरीत."

ओळ राहिली.

उंद्रीला पोचल्यावर मी फोन बंद करून वहिनीच्या हातात दिला. तिनं तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. वहिनी, भाऊ आणि मावशी एवढीच माणसं या कटात होती. आईला आवडलं नव्हतं. "हे काय वय हाये काय उड्या माराचं?" असं म्हणून ती आत निघून गेली, आणि पुढचे दिवस विहिरीचा विषय निघाला की भांड्यांचा आवाज वाढायचा.

सोयाबीन निघालेलं होतं. मळ्यात हरभरा नुकताच वर येत होता आणि भावानं त्यावर तुषार सिंचनाचे फवारे लावले होते. दुपारी ऊन वर आलं की विहिरीचं पाणी अर्धं उन्हात आणि अर्धं सावलीत असायचं. मावशी लुगड्याचा काष्टा मारून माझ्या आधी पायऱ्या उतरली. मी सलवार-कुर्ता घातला होता आणि ओढणी कमरेला गच्च बांधली होती. पाण्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला वाटलं, आता मेल आला असेल.

असं दिवसभर होत राहिलं. पाण्यात बसले तरी कपाटातल्या फोनची थरथर कानात यायची. मावशी पाण्यावर पाठ टेकून, बाजेवर पडावं तशी पडली होती. पांढरे केस पाण्यावर पसरले होते. मी पायरी सोडायला तयार नव्हते.

"तुह्यं ध्यान कुठी हाये वं?" तिनं न वळताच विचारलं.

"कुठे नाही."

"खोटं नको बोलू. पाण्याले समजते. ज्याचं ध्यान वर राह्यते त्याले ते खाली वढते."

दुसऱ्या दिवशी भावानं पाठीला डबडं बांधलं. माझ्या भाच्याचंच जुनं. कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक वहिनीनं वर काठावर धरलं. मावशीनं हनुवटीखाली हात दिला. "पाय मार. हात असे घे, जसं पिठाचं ताट पुढून बाजूले सारतो. मी धरतो ना तुले." आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी धरतो' असंच बोलतात. पुण्यात मी ते बोलणं सोडून दिलं होतं. विहिरीच्या दगडांमधून तिचा आवाज घुमला, मी धरतो ना तुले, आणि मी पायरी सोडली.

नाकातोंडात पाणी गेलं. खोकले, ओरडले, मावशीच्या गळ्यात पडले. परत गेले. संध्याकाळपर्यंत डबड्यासकट एक चक्कर मारता येऊ लागली होती, आणि रात्रीच्या जेवणाला मी इतक्या भाकरी खाल्ल्या की रुसलेली आईसुद्धा न बोलता वाढत राहिली.

फोन आला तो बुधवारी. म्हणजे माझा नाही, भावाचा. मी विहिरीच्या मधोमध मोटारीच्या पाइपला धरून दम घेत होते. भाऊ काठावर आला आणि वरून म्हणाला, "ताई, तुह्या ऑफिसातून फोन हाये. पुण्याच्या मॅडम."

घरच्या माणसाचा नंबर म्हणून कंपनीत भावाचा नंबर दिलेला होता. पाइप सोडून पायरीकडे जावं म्हणून मी हात पुढे केला, आणि माझा तोल गेला. मावशी पायरीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वर भावाकडे पाहिलं.

"आण इकडं," ती म्हणाली.

भाऊ पायऱ्या उतरून आला. त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि तिच्या तोंडासमोर धरला. तिचे हात ओले होते.

"हॅलो," मावशी म्हणाली.

"हॅलो, ताई आहेत का? मी ऑफिसमधून बोलतेय. थोडं अर्जंट होतं."

"ते पाण्यात हाये."

"हो, पण दोन मिनिटं…"

"मेसेजात लिहेल नाही काय तिनं?"

"लिहिलंय, पण…"

"कोणाचा जीव चाल्ला काय?"

"नाही. तसं नाही. एका मोठ्या दवाखान्याची नोंदणी अडकली आहे. त्यांचे डॉक्टर चिडलेत."

"मंग ते सोलापूरवाले हायेत ना. पोरीनं दिवाळी सोडून शिकवलं त्याईले. त्याईले सांगा. हे आता मधात हाये, पाइपाले धरून हाये. फोन घ्याले आली तं बुडन." आणि मग अगदी मायेनं म्हणाली, "तुमी जेवल्या काय?"

पुण्याहून बारीक आवाज आला, "नाही अजून."

"जेवून घ्या. मंग सुचते माणसाले."

भावानं फोन बंद केला. मी पाइपाला धरून सगळं ऐकत होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. नोकरी जाईल का, असं एकदा मनात आलं. मावशी माझ्याकडे बघत होती. "आता काऊन थांबली? पाय मार," ती म्हणाली.

मी पाय मारला. गंमत म्हणजे त्यानंतर कानातली थरथर थांबली. जे काही व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं, आणि पाणी जिथल्या तिथे होतं.

पुढच्या दिवशी मावशीनं डबडं सोडायला लावलं. मी दगडासारखी खाली गेले. डोळे उघडे होते. हिरवट अंधार दिसला, माझेच केस दिसले, आणि दोर ताणला गेला. वर आल्यावर मी म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही. मावशीनं समजूत घातली नाही. ती म्हणाली, "हाव, आज नाही होत," आणि मला काठावर उन्हात बसवून शेंगा फोडायला दिल्या. तिनं ते इतकं सहज म्हटलं की मला उद्याची वाट पाहावीशी वाटली.

शुक्रवारी दुपारी मी पायरीवर उभी राहिले. पाठीला डबडं नाही, कमरेला दोर मात्र होता. मावशी समोरच्या भिंतीला, दगडाच्या खोबणीत हात अडकवून पाण्यात थांबली होती. मी तिच्याकडे बघून पायरी सोडली. पिठाचं ताट बाजूला सारलं. परत सारलं. पाय लागत नव्हते, आणि लागत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी खाली जात नव्हते. पाणी छातीखालून मला उचलून धरत होतं. पाइप बाजूनं गेला. मी त्याला हात लावला नाही. आणि मग माझा हात मावशीच्या हातावर पडला.

तिनं माझ्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि मला उलटं वळवलं. "आता घरी जा," म्हणाली, म्हणजे पायरीकडे.

पायरीकडे तोंड केलं तेव्हा मला वर काठावर आई दिसली. केव्हा आली होती कोण जाणे. पदर तोंडाशी धरून, एका हातानं वहिनीचा खांदा घट्ट पकडून उभी होती. मी पोहत परत आले. पायरीला हात लागला आणि माझ्या तोंडून एक मोठा आवाज निघाला. तो शब्द नव्हता. विहिरीनं तो दोन-तीनदा परत केला. शेजारच्या मळ्यातला माणूस काय झालं म्हणून बांधावर आला, तेव्हा आईच त्याला म्हणाली, "काही नाही झालं. पोरगी पोहली."

शनिवारी मी पोरांसारखी काठावरून उडी मारली. एकदा नाही, दिवसभर.

सोमवारी सकाळी बुलढाण्याच्या घरी संगणक उघडला. मेलचा ढीग होता. पण वाचायला लागले तसं लक्षात आलं की त्यातले बरेचसे स्वतःच मिटलेले होते. लोकांनी आधी अडचण लिहिली होती, मग माझं उत्तर वाचून सोलापूरला लिहिलं होतं, आणि मग मला पुन्हा एक ओळ पाठवली होती, की झालं. त्या मोठ्या दवाखान्याचंही झालं होतं. सहकाऱ्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं होतं, मग विचारलं होतं, समोर काय दिसतंय. डॉक्टरांनी शेवटी त्यांचे आभार मानणारा मेल थेट आमच्या वरिष्ठांना पाठवला होता. सहकाऱ्यांचा मला फोन आला. आवाज इतका मोठा होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मॅडम, तुमच्यापेक्षा कमी ओरडले हो ते," ते म्हणाले.

आणि मग ते दुसरे मेल होते. आपोआप गेलेल्या उत्तराला कुणी उत्तर देतं, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मलकापूरकडच्या त्या कारकुनांनी लिहिलं होतं, "मॅडम, या वेळी सगळं समजलं. काम झालं. पोहणं जमलं काय?" एका वयस्क डॉक्टरांनी लिहिलं होतं, "सावकाश या, घाई नाही. श्वास सोडायला शिका, घेणं आपोआप होतं." चिखलीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "आमच्याकडे मुली पोहत नाहीत. मला लहानपणापासून शौक आहे. तिथे शिकवणारी लेडीज आहे का? माझ्या बहिणीलाही शिकायचं आहे." मी सगळ्यांना उत्तरं दिली. कामाची नंतर दिली, ही आधी.

दुपारी प्रमुख व्हिडिओवर आली. मी तयारीत होते.

"तुमच्या मावशी कशा आहेत?" तिनं विचारलं.

"चांगली आहे. तू त्या दिवशी जेवलीस का, असं विचारत होती."

"जेवले. कितीतरी दिवसांनी डबा गरम करून जेवले." मग म्हणाली, "ताई, सगळ्या गटासाठी असे संदेश लिहून द्याल का? वरिष्ठांनीच विचारलंय. पोहण्याच्या ओळीसकट आवडलं त्यांना."

मी लिहून दिले. प्रत्येकाकडून आधी विचारून घेतलं, की तुम्ही नसताना कोण आहे. ज्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं त्यांना आधी माणूस तयार करायला लावला. सगळ्यांच्या मसुद्यांत 'शक्यतो' होता. मी सगळ्यांचा काढला. प्रमुखनं स्वतःचा मात्र स्वतः लिहिला. त्याची शेवटची ओळ होती, "मी झोपायला चालले आहे." ती खरंच झोपली, आणि तिचा फोन खरंच लागला नाही. मी लावून पाहिला होता.

पुढच्या दिवाळीनंतर मी परत उंद्रीला गेले. चिखलीच्या त्या बाई आणि त्यांची बहीण सकाळच्या बसनं यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. येताना डब्यात शीरखुर्मा, कधी कबाब. आई तो शीरखुर्मा सगळ्यांच्या आधी खायची. वहिनीही त्या वर्षी पाण्यात उतरली. मावशीनं तिघींना पायरीवर ओळीनं बसवलं आणि माझ्या हातात दोर दिला, की आता वरून तू धर.

चिखलीच्या बाई सगळ्यात घाबरट होत्या आणि सगळ्यात हट्टी. चौथ्या दिवशी त्या पायरी सोडून निघाल्या. मावशी त्यांच्या बाजूनं पोहत होती. त्या पाइपाच्या पुढे गेल्या तेव्हा मावशीनं हात लांबवून त्यांच्या कमरेची गाठ सोडली आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी दोर हळूच वर ओढून घेतला. त्यांना ते कळलं नाही. त्या मोठमोठ्यानं बहिणीला सांगत होत्या, "देख, मी चालली, देख," आणि समोरच्या भिंतीकडे सरळ जात होत्या.